तीन नंबरचं मशीन

पितळी पाटीवर कोरलंय:
‘चार दरवाजा’ बँडच्या कॅसेटविक्रीतून, सप्रेम.
मशीन आता दुसरं आहे, पाटी पहिलीच.
दर सोमवारी ती मीच घासते,
पॉलिश नसलं तर चिंचेनं.

आज पहिल्या पाळीत हसुमतीबेन.
एक नळी लाल, दुसरीही लालच.
जाणारं आणि येणारं रक्त दिसायला सारखंच असतं,
हे नव्या पोरांना सांगावं लागतं.
डोळे मिटून त्या गुणगुणतायत तेच:
तुं गई सामे कांठे...

मी पैलतीरी वगैरे गेले नव्हते, अभिराम.
विश्वामित्रीत मगरी आहेत.
दांडिया बाजारातून शटल रिक्षानं
तीन रुपयांत मावशीकडे फतेगंजला गेले.
वाटेत पूल लागला, एवढंच.
पूल ओलांडून कुणी पल्याड जात नाही,
फक्त भाडं वाढतं.

त्याच्या आधी सेव-उसळीच्या गाडीवर
तू म्हणालास, सोड तो लॅबचा कोर्स,
आमचे प्रोग्राम बघ, हिशेब ठेव,
तुझं अक्षर चांगलं आहे.
मी तर्री वाढवून घेतली
आणि नाही म्हटलं.

गाण्यात तर्री नाही.
गाण्यात मी पाठमोरी, माझी ओढणी उडतेय.
त्या वर्षी माझ्या अंगावर कायम पांढरा कोट होता,
उजव्या बाहीवर आयोडीनचा डाग.

मग नवरात्रात, गरबा थांबला की तेच.
रावपुऱ्यात पानाच्या गल्ल्यावर तेच.
कॅसेट पस्तीसची, त्यातले पंधरा किडनीवाल्यांना.
बाबांनी दोन घेतल्या,
एक घरात, एक नवसारीच्या आत्याला,
चांगल्या कामाला पैसे जातात म्हणून.
आईनं एकदाच ऐकली, माझ्याकडे पाहिलं,
आणि नऊवारीच्या घडीखाली ठेवून दिली.
अख्खं बडोदं माझ्यासाठी रडलं,
पावती घेऊन.

खरं सांगू, आवडायचं मला.
माझ्या एका ‘नाही’चं मशीन झालं,
त्या मशीनला माणूस हवं होतं, तर मी लागले नोकरीला.
‘हो’ म्हटलं असतं तर काय आलं असतं?
एक स्कूटर. हप्त्यांनी.

गेल्या श्रावणात केयूर आला,
तुमचा कीबोर्डवाला. सुजलेले पाय,
फाइलवर माझ्याच अक्षरात त्याचं नाव.
तीन नंबरवरच घेतलं त्याला.
पाटी वाचून हसला.
तिसऱ्या तासाला, बीपी जरा खाली असताना,
म्हणाला, शब्द माझे होते, उल्का.
बा गेली ना त्या जुलैत,
स्मशानातल्या बाकड्यावर बसून लिहिले, समोर नदी.
अभिरामनं त्यात ओढणी घातली,
म्हणाला, आईवरची कॅसेट कोण घेणार?

मी सुईवरची चिकटपट्टी पुन्हा दाबली,
गरज नव्हती तरी.
पंचवीस वर्षं मनातल्या मनात
एका गाण्याची मालकीण होते मी.
भाडेकरूसुद्धा नव्हते.
विचारलं, बाला कसली आवड होती?
थोडा वेळ छताकडे बघत राहिला.
मग म्हणाला, लीला चिवडा. आणि रेडिओ.
आवाज मात्र एकदम बारीक,
बाजूच्या सुशीलाताईंना त्रास नको म्हणून.

हसुमतीबेनचे चार तास भरलेत.
शेवटी सलाईन सोडून नळीतलं रक्त परत देतो आम्ही,
थेंबही वाया जाऊ नये म्हणून.
तरी नळी थोडी गुलाबी राहतेच.
त्याला इलाज नाही, पुस्तकातही नाही.

त्या उठल्या. पदर सावरला. मला म्हणाल्या,
बेन, ती पोरगी परत आली असेल का हो?
मी म्हटलं, हळू उतरा,
पायरी ओली आहे.

दुसरी पाळी. केयूर दारात,
हातात पुडी, तेलाचे डाग पडलेली.
चिवडा तुला चालत नाही, मी ओरडते.
तुझ्यासाठी आहे, तो म्हणतो.
वजनकाट्यावर ये आधी.