पोचा

या, जरा डावीकडून बघा.
समोरून नुसतं पातेलंच दिसेल,
आणि मग तुम्ही विचाराल, सगळेच विचारतात:
माणसं कुठायत?
मोर्चा कुठाय, झेंडे कुठायत,
एवढ्या थोरल्या कॅनव्हासवर
एक काळवंडलेलं ॲल्युमिनियम?

खरं सांगतो, मी चौकात नव्हतो.
मुलीला ताप होता. आणि ताप नसता
तरी गेलो असतो, असं
छातीवर हात ठेवून म्हणवत नाही.
चौथ्या मजल्यावर, खिडकीशी, दिवा मालवून उभा होतो.
आमच्या सान्तियागोत ऑक्टोबर म्हणजे वसंत,
पण त्या आठवड्यात फुलांच्या आधी
अश्रुधूर जिना चढून यायचा.

रात्रीची संचारबंदी.
रस्त्यावर एक कुत्रं, एक लष्करी गाडी.
आणि खालच्या मजल्यावरून
ठण्ण.
एकदाच.
मग बराच वेळ काही नाही.
वाटलं, कुणाच्या तरी हातून पडलं असेल.
मग पुन्हा ठण्ण,
आणि समोरच्या इमारतीतून त्याला ओ.
पाचच मिनिटांत कुत्रं पळालं.

एका घरात राहायचं म्हणजे
भांड्याला भांडं लागायचंच.
आमची तेवढीही ओळख नव्हती एकमेकांची
त्या रात्रीपर्यंत.

हे पातेलं दोन्या ओर्तेन्सियांचं.
एकेचाळीस वर्षं शिवणयंत्रावर वाकलेली बाई.
पेन्शनीत औषधं तरी येतात
नाहीतर विजेचं बिल तरी भागतं.
लाकडी डाव मोडला तेव्हा त्यांनी हातोडी घेतली,
म्हणून हा पोचा. इथे, बुडाशी.

काळा रंग विकतचा नाही.
बुडाची काजळी खरवडून जवसाच्या तेलात घोटली.
निळा मात्र दुकानातला, महागातला,
त्याची अजून जराशी लाज वाटते.
हा पिवळा ठिपका? तो काही नाही, ब्रश पडला.
एका समीक्षकानं त्यावर दीड पान लिहिलंय.

आणि हे वर उजवीकडे, तळहाताएवढं,
ते पुरं करायचं राहिलेलं नाही.
तिसऱ्या मजल्यावरचा इलादियो चौकात गेला होता,
एका डोळ्यानं परत आला.
मी विचारलं, त्या बाजूला आता काळं दिसतं का?
म्हणाला, काळंसुद्धा नाही रे,
तुला तुझ्या पाठीमागचं जसं दिसतं, तसं.
म्हणून तिथं मी काहीच लावलं नाही.
पांढरासुद्धा नाही. ते कोरं कापड आहे.

उद्घाटनाला दोन्या ओर्तेन्सिया आल्या,
लग्नकार्यातला कोट घालून.
पुष्कळ वेळ उभ्या राहिल्या. मी घामाघूम.
शेवटी म्हणाल्या,
पोचा चुकीच्या बाजूला काढलास. मी डावखुरी.
मी म्हटलं, बदलतो.
म्हणाल्या, चित्राचं राहू दे,
पातेलं कधी देतोस?

दुसऱ्याच दिवशी दिलं, घासूनपुसून.
आता ते शेगडीवर डुगडुगतं,
घेवडा एका अंगानं लागतो.
परवा वाटीभर वर पाठवला होता.
करपल्याचा वास होता थोडा.
मुलीनं नाक मुरडलं,
मी सगळा खाल्ला.