घरटी मोजणारा

सज्जाच्या कॅम्पवर रात्रपाळीला गार्ड आहे
तुमुहिंबिसे. नाव कुणालाच झेपत नाही,
म्हणून टूमू.
मी जनरेटरचं तेल बघायला उतरतो
तेव्हा प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या बसल्या
तो आपल्या डोंगरात गेलेला असतो.

तिकडे तो गोरिलांचा माग काढायचा.
पहाटे निघायचं, कोयत्याने वेली तोडत,
कालची घरटी सापडेपर्यंत.
रोज रात्री नवं घरटं, एकदा निजले की सोडलं.
आतली लीद कोमट असेल तर जवळच आहेत.
चंदेरी केस मिळाला, म्हणजे म्हातारा इथे.
मोठ्या लेंडीला चिकटून बारीक लेंडी, म्हणजे आई-पोर.
मोजायचं. चौदा.
कालही चौदाच होते ना? मग चला पुढे.

आणि दिसले की?
खाली बसायचं. डोळ्यांत बघायचं नाही.
एखादं पान चघळल्यासारखं करायचं,
आणि घशातून, हे असं...
टूमू खाकरतो. दोनदा.
बोअरला पाणी लागण्याआधी
पाइपातून येतो तसला आवाज.
अर्थ एवढाच की मी आहे, तू खा.

पाहुण्यांना मिळायचा एक तास, घड्याळ लावून.
तिकीट किती? मी विचारलं.
"इथले माझे दोन पगार," म्हणाला, आणि इतका हसला
की कुंपणापलीकडचं मांजर पळालं.

जुलैपासून ते पगारही नाहीत.
माणसं गळताहेत.
टूमू पहाटे खोल्याखोल्यांतून फिरतो,
बॅटरी जमिनीकडे धरून.
बी ब्लॉक, अकरा नंबर, सहा खाटा.
गादी गुंडाळलेली, खाली चपला नाहीत : गेला.
चादर विस्कटलेली, डब्यात अर्धा खुबूस : येईल परत.
वहीत काही लिहीत नाही.
ओठ तेवढे हलतात.

काल मी भिंतीकडे तोंड करून पडलो होतो,
गादीखाली कंपनीचा कागद,
घरी अजून कळवलेलं नाही.
तो दारात थांबला. आत आला नाही.
एसीच्या घरघरीत कितीतरी वेळ काहीच नाही,
मग दोनदा, खोल,
ते खाकरणं.

उत्तर द्यायचं असतं का, हे कधी विचारलंच नव्हतं मी.
घसा कोरडा होता. तरी जमलं, कसंबसं.

वरच्या खाटेवरून मुरुगेसन झोपेतच वैतागला,
"सिरप पी ले यार."

पावलं पुढे गेली.
बारा नंबरच्या दारात
बॅटरी जमिनीकडे.