तिसरी पायरी

तिबिलिसीत, सोलोलाकीच्या चढावर
सात नंबरचं अंगण.
वारसा खात्याचा पोरगा फीत घेऊन आला.
सज्जाची लांबी, कठड्याची नक्षी,
रंग खरवडून पाहिला: निळा, त्याखाली हिरवा,
त्याखाली कुणालाच न आठवणारा.

नाझिब्रोलानं शिलाई मशीन थांबवलं नाही.
द्राक्षाचा वेल लिहिलास?
वेलाला रकाना नाही, ताई.

मग जिना.
तिसरी पायरी करकरते, तो म्हणाला, बदलू.
तस्संच लाकूड, तोच रंग,
फरक कळणारसुद्धा नाही.

आता मशीन थांबलं.
अरे, कळायलाच हवं ना.
ग्राचिक पिऊन आला की ती दोनदा बोलायची.
माझी एतेरी पहाटे बॅग घेऊन निघाली
तेव्हा एकदाच, हळू.
मी जागी होते.
हाक मारली नाही.

फॉर्मवर दगड, वीट, लाकूड, काच.
तो पेन्सिलीचं टोक चावत राहिला.
मग उठला,
तिसऱ्या पायरीवर पाय ठेवला
आणि सगळा भार टाकला.

वरच्या मजल्यावरून कुणीतरी विचारलं,
कोण आलंय?