बाकी

सोमवार, गुरुवार. सकाळची पाळी.
द्वारकेच्या चौकातून आत, दवाखान्याचा तिसरा मजला.
आधी काटा. चपला काढून, पदर खोचून उभी राहते.
अठ्ठेचाळीस चारशे.
मागच्या वर्षीही अठ्ठेचाळीस चारशेच.
"वजन टिकून आहे की, मावशी," फिरोज म्हणतो.

टिकून नाही रे, अदलाबदल झालीये.
मांडीतलं मांस मधल्याच स्टॉपला उतरलं,
त्याच सीटवर पाणी येऊन बसलं.
काट्याला काय, नुसती डोकी मोजायची.

एकोणीस वर्षं एसटीत होते मी. पेठ, हरसूल, त्र्यंबक.
सावळघाटाच्या वळणांवर दांडा न धरता
नुसत्या पोटऱ्यांवर उभी राहून तिकिटं फाडली.
पंच दाबून दाबून अंगठा असा झाला होता
की झोपेतही चालायचा.
परवा लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडेना.
लोणचं मला बंदच आहे, सुनेला हवं होतं.

आज एक मुलगी आलीये, रेणुका अहिरराव.
कोटावर अजून घडीच्या रेघा.
उजव्या हातात लोखंडी मूठ देते, "दाबा आजी, जोरात."
दाबते.
काटा अकराशी थरथरतो आणि मागे येतो.

मग रक्ताची एक नळी जास्तीची.
"यात पॉलिअमाइन बघायचेत."
मला ऐकू आलं पोळी.
शेजारच्या बेडवरून पगारे गुरुजी,
"पोळीत काय बघायचंय? मीठ नसलं म्हणजे झालं."
तीही हसली. मग सांगू लागली:
पेशी वाढायला, सावरायला लागणारे बारीक रेणू.
एकाचं नाव पुट्रेसीन, कुजण्यावरून पडलेलं.
ते रक्तात चढतं का, स्पर्मीन उतरतं का,
आणि त्याचा माझ्या अकराशी काही संबंध आहे का.
"आहे?"
"अजून माहीत नाही," म्हणाली.
हे मला आवडलं. इथे सगळ्यांना सगळं माहीत असतं.

यंत्र सुरू. रक्त जातं, येतं.
टीव्हीवर गंगापूर धरणाचा विसर्ग,
दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी.
माझ्या घोट्यांना. बोट दाबलं की खड्डा राहतो.
त्याचं पाणी ओसरलं की मांड्या तशाच, दगडाच्या.
माझं ओसरलं की दिसतं
काय काय वाहून गेलं ते.

"रिपोर्ट कधी?"
"तो तुम्हाला नाही मिळणार, आजी. अभ्यासासाठी आहे.
पुढच्या पेशंटना उपयोग होईल, झाला तर."

नळीवर नाव नाही. नुसता आकडा, चौतीस.

सुट्टे नसले की मी तिकिटामागे लिहून द्यायचे,
बाकी साडेतीन रुपये.
अर्धे लोक विसरूनच उतरायचे.
मग मी खिडकीतून हाका मारायचे,
गाडी हलायच्या आत, जीव तोडून,
ओ निळा शर्ट,
निळा शर्ट,
बाकी घ्या.