हातचा

फॉर्मवरची पहिलीच सूचना : शिक्षकाचं नाव लिहू नये.
बाईंचं आडनाव निनावे.
मी एकटाच हसलो आणि शेवटच्या बाकावर बसलो,
तिसरीच्या मापाचा बाक, गुडघे जवळजवळ हनुवटीला.

तांडापेठ. मनपाची शाळा. एप्रिलचा दुसरा आठवडा.
वर पत्रा. पंखा एकच,
आणि बाईंचं टेबल त्याच्यापासून दूर, भिंतीला लागून.
फरशीवर टेबल ओढल्याचे ओरखडे होते,
मुलं हवेखाली यावीत म्हणून ओढलेलं.
ओरखड्यांसाठी रकाना नव्हता.

दर पाच मिनिटांनी टॅबलेट थरथरतो :
शिक्षक आत्ता काय करत आहे?
समजावणे. लिहिणे. रागावणे. वर्गाबाहेर. निष्क्रिय.
मी टिचकी मारतो, थरथर थांबते.

आठ वाजून दहा मिनिटं. बावन्न वजा सतरा.
फळ्याशी टिकेश नंदनवार, सदऱ्याचं वरचं बटण गेलेलं.
दोनातून सात जात नाहीत, इथवर तो आला
आणि उभाच राहिला.
बाईही उभ्या.
एक मिनिट. खडू त्याच्या मुठीत घामानं ओला होतोय.
मागून कुणीतरी उत्तर पुटपुटलं, बाईंनी नुसतं बोट ओठांवर ठेवलं.
दुसरं मिनिट.
टॅबलेट थरथरला.
मी पाचही पर्याय परत वाचले.
वाट पाहणे, असं कुठे लिहिलेलं नव्हतं.
मी 'निष्क्रिय' दाबलं.

मग बाई म्हणाल्या, "काऊन रे, तुह्या बाबाच्या ठेल्यावर
दहाच्या पाच नोटा हायेत अन् दोन रुपये चिल्लर.
गिऱ्हाइकाले सतरा वापस द्यायचे. कसा देशीन?"
"एक नोट मोडून आनीन."
"कोठून?"
"बाजूच्या पानठेल्यावरून."
"मंग मोड नं."

त्यानं पाचावर काट मारली, वर बारीक चार काढला,
दोनाच्या डोक्यावर बारा, जरा वाकडे.
पस्तीस लिहून त्यानं बाईंकडे पाहिलं नाही,
फळ्याकडे पाहिलं,
कुणी नसताना घराचं कुलूप पहिल्यांदा स्वतः उघडावं तसं.

मधल्या सुट्टीत खिचडीच्या रांगेपाशी त्यांनी विचारलं,
"किती दिले मले?"
सांगता येत नाही म्हटलं, नियम आहे.
"पोट्टे तर लगेच विचारतात बाप्पा," त्या म्हणाल्या,
आणि वाढायला निघून गेल्या.

त्या दिवशी सोनेगावच्या वेधशाळेत पारा चव्वेचाळीस होता.
तिथे तो सावलीत मोजतात,
चहूबाजूंनी वारा खेळेल अशा पांढऱ्या पेटीत.
पत्र्याखालचा आकडा कुणाकडेच नाही.

मे महिन्यात धरमपेठेतल्या ऑफिसात, कूलरसमोर,
मी तक्ता उघडला.
अध्यापन गुणवत्ता : पाचपैकी दोन पूर्णांक एक.
वर्गाची वाढ : नगण्य.
टिकेशची ओळ कोरी. अंतिम चाचणीच्या दिवशी
तो मावशीच्या लग्नाला उमरेडला गेला होता.
त्याचे पस्तीस कुठल्याच बेरजेत आले नाहीत.

मला तिसरीत पाठक मास्तर होते.
प्रश्न पूर्ण व्हायच्या आत ते उत्तर सांगत,
तास वेळेवर संपे, वही सुबक भरे,
तपासणीला आलेले साहेब त्यांच्या पाठीवर थाप मारून जात.
आजही दुकानदार सुटे पैसे देतो तेव्हा
मी हातचा बोटांवर घेतो, खिशातल्या खिशात,
कुणाला दिसू नये म्हणून.

ते 'निष्क्रिय' बदलून बघितलं. बदलत नाही.
एकदा पाठवलेली नोंद बंद होते.
तळाशी एक चौकट उघडी होती : शेरा, ऐच्छिक, पन्नास अक्षरं.
मी लिहिलं :
बाई दोन मिनिटं थांबल्या. मी चूक नोंदवली.

खाली बारीक टाइपात सूचना आली,
शेरे विश्लेषणात धरले जात नाहीत.
तरी मी मोजलं. पन्नासात बसलं होतं.
बोटांवरच मोजलं,
या वेळी हात टेबलावर ठेवून.