मधल्या वेळात

मस्कतहून आलेलं विमान दुपारी एकला टेकलं,
नागपूरचं होतं रात्री साडेनवाला.
लेकीचं बाळंतपण उरकून,
डिंकाच्या लाडवांचे रिकामे डबे सांभाळत
मी उभी, नव्या कोऱ्या फरशीत माझंच तोंड बघत.
ट्रॉल्या ढकलणाऱ्या मुलाला विचारलं, समुद्र कुठे आहे हो?
तो म्हणाला, कुठली फ्लाइट?

टॅक्सीवाला हसुराम घरत.
डॅशबोर्डवर एकवीरा, तिच्या पायाशी सुट्टे पैसे.
"पिरवाडीला नेतो, उरनला. सातला परत आनून सोडीन,
मधी ट्रेलर आडवं आलं नाय तर."

आलेच.
गव्हाण फाटा, जासई, दास्तान फाटा,
जिथं तिथं लोखंडी खोल्या चाकांवर उभ्या,
निळ्या, तांबड्या, गंजलेल्या,
आत काय आहे ते ओढणाऱ्यालाही ठाऊक नाही.
एकीच्या सावलीत एक म्हातारी
पाटीत दोनच जिताडे घेऊन बसलेली,
आणि त्यांच्यावर पाणी शिंपडत होती, अजून जिवंत असल्यासारखं.

हसुराम बोट दाखवायचा, तिथं काहीच नसायचं.
"हितं खाजन. हितं मीठ. हितं शाळा, चौथीपरयंत."
मी मान हलवायची, पाहुणीनं हलवावी तशी.
मग म्हणाला,
"तुमी उतरलाव ना ताई, त्यो आमचा डोंगर हाय.
उभा व्हता. आता आडवा केलाय."
राग नव्हता आवाजात.
गिअर बदलावा तसं बोलला,
आणि खरोखरच गिअर बदलला.

पिरवाडीला पोचल्यावर कळलं, आज शनिवार.
तीन महिने मी वार मोजलेच नव्हते, दुपटी मोजली होती.
पार्किंगचे पन्नास. उंटाचे शंभर. फोटोचे वेगळे.
दर्ग्यावर चादर घेऊन आलेलं भिवंडीचं अख्खं घर,
पतपेढीतल्या बायका एकसारख्या पिवळ्या टोप्यांत,
लग्नाआधीच लग्नासारखं नटलेलं जोडपं
आणि त्यांना "अजून हसा" म्हणून ओरडणारा घामाघूम फोटोग्राफर.
भुर्जीच्या तव्यावर उलथनं वाजत होतं.
भरती पीच खात होती,
पोरं स्टंप उपटून चार पावलं मागं, पुन्हा चार पावलं मागं,
आणि बाद कुणीच होत नव्हतं.
किनाऱ्याच्या टोकाला गॅसच्या कारखान्याची ज्योत,
भर उन्हात पेटलेली,
कुणीतरी विझवायला विसरल्यासारखी.

चपला हातात घेतल्या.
याला मी दोनदा ओलांडलं होतं, वरून,
दोन्ही वेळा खिडकीशी दुसरंच कुणी होतं.
गुडघ्याएवढ्या पाण्यात गेले. थोडी अजून गेले.
एक अनोळखी मुलगी म्हणाली, मावशी, पर्स वर धरा.

साकोलीला माझे बाबा, वय एक्क्याऐंशी,
तलावांच्या मुलखातले, गोड्या पाण्याचे.
निघताना म्हणाले होते,
"समुद्र खारा रायते म्हन्तेत. आपन कोठं चाखून पाह्यला?"
म्हणून ती बाटली.
लाट येईपर्यंत थांबून भरली,
तरी तळाशी थोडी वाळू आलीच.

परतीला हसुराम गप्प.
उतरताना एवढंच म्हणाला, बरा हाय ना आमचा दर्या?
मी म्हटलं, गर्दी फार. तो खूश झाला.

तपासणीत बाटली उचलून शिपाई म्हणाला, यात काय?
पाणी.
पिऊन दाखवा.

मागं रांग. पुढं तो, तरणा, झोपाळलेला.
झाकण काढलं,
चांगला मोठा घोट घेतला.
तोंड सरळ ठेवलं,
सासरी अठ्ठावीस वर्षं ठेवलं तसं.
त्यानं पट्टीवर शिक्का मारला. जा.

साडेनवाला विमान धावू लागलं.
जिभेवर अजून तो.
बाबांच्या वाटणीची बाटली मांडीवर,
आणि मी उगाचच दोन्ही पाय
जमिनीपासून जरासे वर धरलेले,
खाली डोंगर होता म्हणून.