माया

लाल रंगाचा डबा घेऊन पालिकेचे साहेब
उदगीरच्या आमच्या बोळात शिरले.
नऊ मीटर, म्हणाले.
माझ्या दुकानात फुली पडली
ती पार शिलाई मशीनच्या मागं.
कोंडाबाईची चूल रस्त्यात जातीय,
मुनीरचाचाचा अर्धा पलंग.
‘अर्ध्यावर झोपतो,’ चाचा म्हणाले,
‘उरलेल्यावरून ट्रक जाऊ द्या.’
हसलो सगळे. मग कुणी बोलेना.

मी म्हणलं, साहेब,
चाळीस वर्षं झंपर उसवून सैल करतोय;
त्याला आत माया सोडलेली लागते.
हा बोळ अंगाबरोबर शिवलेला.
कुठून वाढवता?

साहेबांनी टेप गुंडाळला.
जाताना हळूच विचारलं,
पँटची कंबर इंचभर वाढेल का?

उद्या आणा, म्हणलं.
दुकान असलं तर.